पन्नासच्या आधी पस्तीस

बाबू, कॅमेरा घेतला ते बरं केलं. एपीएस-सी सेन्सरचा मिररलेस आहे म्हणून मनात किंतु ठेवू नको. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातली लग्नं, पोळा, नवरात्र, जिनिंगमधली माणसं, वावरातली वेचणी, यांपैकी कशालाही तो सेन्सर कमी पडत नाही. कमी पडते ती सोबत मिळालेली झूम लेन्स, आणि तीही दिवस मावळला की. म्हणून तू प्राइम, म्हणजे झूम न होणाऱ्या एकाच आकड्याच्या लेन्सचं मनावर घेतलंस हे योग्यच आहे. फक्त कोणती घ्यायची हे दुकानात उभं राहून ठरवू नको. घरी बसून, मोजायचा टेप हातात घेऊन ठरव.

तुला भेटेल तो सांगेल, आधी पन्नासची घे. हलकी आहे, स्वस्त आहे, मागचं सगळं ब्लर होतं. कॅननवाल्याला तर आरएफ ५० एफ १.८ लगेच काढून दाखवतात. जेमतेम १६० ग्रॅम वजनाची लेन्स, आणि चांगली लेन्स. पण ‘आधी पन्नास’ हा सल्ला रोलच्या काळातला आहे, आणि त्या काळात तो बरोबर होता. रोलची फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटरची. तिच्यावर पन्नासची लेन्स समोरचं दृश्य ना फार पसरवते, ना फार ओढून घेते. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपलं बहुतेक काम लायका कॅमेऱ्यावर पन्नासच लावून केलं. जानेवारी १९४८ मध्ये दिल्लीत गांधीजींच्या अखेरच्या दिवसांतले फोटो आणि नंतरची अंत्ययात्रा त्यांनी टिपली. ती पन्नासची नजर तुला हवी असेल तर तुझ्या कॅमेऱ्याला पन्नास चालत नाही. तुझा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, म्हणजे बाजूला दीडपट लहान. तेवढंच दृश्य त्यात बसवायला ३३ च्या आसपासची लेन्स लागते. बाजारात ती ३०, ३३ किंवा ३५ या आकड्याने मिळते. तुझ्या कॅमेऱ्यावर पन्नास लावलीस की ती ७५ सारखी वागते. कॅननच्या छोट्या सेन्सरचा गुणक १.६ आहे, म्हणून तिथे ८० सारखी.

इथे बरेच जण एका गोष्टीत अडकतात. लेन्स खास छोट्या सेन्सरसाठी बनवलेली असेल तर गुणायची गरज नाही, असं त्यांना वाटतं. तसं नाही. लेन्सवर कोरलेला आकडा हा त्या लेन्सचा स्वतःचा असतो. ती कोणत्या सेन्सरसाठी बनवली याच्याशी त्याचा संबंध नाही. फुल फ्रेमची, म्हणजे रोलएवढ्या सेन्सरची ३५ आणि क्रॉपची, म्हणजे छोट्या सेन्सरची ३५ तुझ्या कॅमेऱ्यावर एकसारखंच दृश्य देतात. क्रॉपसाठी बनवलेली लहान आणि हलकी असते, बहुधा स्वस्तही, फरक एवढाच. पुढे कधी फुल फ्रेम घ्यायचा विचार असेल तरच मोठ्या लेन्सला जास्तीचे पैसे घाल, नाहीतर आजच्या कामासाठी आजची लेन्स घे.

आता टेपचं काम. साधारण उंचीचा माणूस, डोक्यापासून पायापर्यंत, वरखाली थोडी जागा सोडून, कॅमेरा उभा धरून घ्यायचा आहे असं समज. २४ च्या लेन्सने तुला ७ फुटांच्या आत-बाहेर उभं राहावं लागतं, ३५ ने १० फुटांवर, ५० ने १४ फुटांवर आणि ५६ ने जवळपास १६ फुटांवर. आता आपल्या घरची खोली मोज. दहा बाय दहा, फार तर दहा बाय बारा, त्यात दिवाण, कपाट, शिलाई मशीन. नवरीला हळद लागते ती अशाच खोलीत नाहीतर सपरीत, आणि सगळ्या बाया तिच्याभोवती दाटून बसलेल्या असतात. तिथे पन्नास लावून उभा राहिलास की पाठ भिंतीला टेकते आणि फ्रेममध्ये एकच माणूस बसतो. हळदीची वाटी, लावणारे हात, मागून वाकून पाहणारी आजी, हे सगळं बाहेर राहतं, आणि तो फोटो तर त्यांच्यामुळेच होतो. घरातल्या आठदहा माणसांचा ग्रुप दोन ओळींत उभा केला तर रुंदी चार मीटरच्या घरात जाते. त्याला ३५ ने २० फूट मागं जावं लागतं, २४ ने साडेतेरा, १६ ने ९ फूट. अंगण असेल तर ३५ पुरते, खोलीत नाही.

यावरून माझं मत स्पष्ट आहे. पहिली प्राइम ३० ते ३५ मधली घे. तुझं बहुतेक काम घराच्या आत आणि दाटीवाटीत होणार असेल तर २३-२४ ची घे. पन्नास-छप्पन्न ही दुसरी किंवा तिसरी लेन्स आहे, पहिली नाही.

पण माझ्यावरही विसंबून राहू नको. तुझ्याजवळ झूम आहे आणि तिने काढलेले शेकडो फोटो लॅपटॉपमध्ये पडलेले आहेत. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो किती मिलिमीटरवर काढला हे लिहिलेलं असतं. जे फोटो तुला स्वतःला आवडतात तेवढेच वेगळे काढ आणि त्यांचे आकडे पाहा. बहुतेक एखाद्या आकड्याभोवती ते गोळा झालेले दिसतील. १६ आणि ५० वर खूप दिसले तर सावध हो. झूम पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर फिरवायची सवय असते सगळ्यांना, तो आकडा पसंतीचा नसतो. मग झूम ३५ वर आणून रिंगला चिकटपट्टी लाव आणि आठवडाभर तेवढ्यावरच काम कर. बटणाने चालणारी झूम असेल तर पट्टीचा उपयोग नाही, तिथे मनाला बंधन घालावं लागेल. नंतर तसंच २४ वर. कुठे पाय अडखळले आणि कुठे फ्रेम आपोआप जमली हे तुला कळेल, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

एका लेन्सवर काय होऊ शकतं हे पाहायला लांब जायची गरज नाही. वर्धा नदी ओलांडली की सेवाग्राम. तिथे गांधीजींच्या घरातलाच मुलगा, कनू गांधी, आश्रमात राहून बापूंचे फोटो काढायचा. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून रोलिफ्लेक्स कॅमेरा आणि रोल आले. त्या कॅमेऱ्याला समोर दोन भिंगं असतात, पण वरचं नुसतं पाहायला. फोटो काढणारं खालचं एकच, आणि ते बदलता येत नाही. बापूंच्या अटी तीन होत्या: फ्लॅश मारायचा नाही, पोज द्यायला सांगायचं नाही, आणि आश्रमाचा पैसा यात खर्च होणार नाही. बापूंची शेवटची दहा वर्षं त्याने असंच काम केलं. कुटीतला अंधुक उजेड, काम करणारी माणसं, आणि न बदलणारं एक भिंग. वर्ध्याला गेलास की आश्रमातली आदिनिवास आणि बापूकुटी पाहून ये. खोलीत उभा राहा, खिडकीतून उजेड कुठून येतो ते पाहा, आणि कनूभाई कुठे बसत असतील याचा अंदाज घे. प्राइम लेन्सचं शिक्षण यापेक्षा चांगलं कुठे मिळणार?

आता उजेडाचं बोलू, कारण प्राइमला पैसे द्यायचे ते मुख्यतः यासाठीच. किटची झूम पन्नासवर एफ ५.६ पर्यंतच उघडते, काही तर त्याहून कमी. एफ १.४ ची प्राइम त्यापेक्षा सोळापट उजेड आत घेते. म्हणजे मांडवात झूमवर १/१२५ शटरला आयएसओ ६४०० लागत असेल, तर १.४ वर त्याच शटरला ४०० पुरतो; १.८ वर साडेसहाशेच्या आसपास. ६४०० वर नवरीच्या शालूची जर चिकट, सपाट दिसते. ४०० वर तिचा एकेक धागा मोजता येतो. यवतमाळचा दुर्गोत्सव पाहायला लोक बाहेरून येतात, आणि तिथे हाच फरक कामाला येतो. रांगेत उभा असतोस, समोरचा माणूस तीन-चार फुटांवर, मागून रेटा. तिथे २३-२४ ची लेन्स एफ २ वर ठेव, शटर १/१०० वर. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र बंद कर. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलके एलईडी दिवे सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात आणि इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये देवीच्या चेहऱ्यावर आडवे पट्टे येतात. यांत्रिक शटर आणि १/५० किंवा १/१०० ठेवलं की बहुतेक वेळा ते जातात.

शटरचा एक हिशेब पाठ करून ठेव. लेन्सच्या आकड्याला दीडने गुण, त्यापेक्षा सावकाश शटर हातात धरून वापरू नको. ३५ ला १/६०, ५६ ला १/१००. हा हिशेब झाला तुझ्या हाताच्या कंपाचा. समोरचा माणूस हलत असेल तर शक्यतो १/१२५ च्या खाली येऊ नको, नाचणाऱ्याला १/२५० तरी लागतं. कॅमेऱ्याच्या आत स्टॅबिलायझेशन नसेल, आणि परवडणाऱ्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ते नसतं, तर सोनीच्या ३५ आणि ५० एफ १.८ या दोन्ही ओएसएस लेन्समध्ये ते लेन्सच्या आत दिलेलं आहे. उभ्या माणसाला, मूर्तीला, वाड्याला त्याचा उपयोग होतो. नाचणाऱ्या वरातीला होत नाही.

ब्लरच्या मागे फार लागू नको. ५६ ची लेन्स एफ १.४ वर उघडून पाच फुटांवरून चेहरा घेतलास तर जेमतेम चार सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. नवरीने मान जराशी वळवली की एक डोळा स्पष्ट, दुसरा गेला. नथ स्पष्ट हवी आणि डोळेही, तर २.८ पर्यंत बंद करावंच लागतं. आणि लग्नात मागचं दिसायला नको असं कोण म्हणतं? अंतरपाटामागे उभे असलेले मामा, अक्षता धरून बसलेली पोरं, माइकवर मंगलाष्टकं म्हणणारे गुरुजी, हे पुढे वीस वर्षांनी त्या घरातली माणसं बोट ठेवून ओळखतील. ३५ वर एफ २.८, सात-आठ फुटांवरून: नवरा-नवरी लख्ख, मागचे ओळखू येण्याइतके मऊ. बहुतेक लग्न मी याच सेटिंगवर काढावं असं सांगेन.

चेहरा वाकडातिकडा दिसतो तो लेन्समुळे, असंही लोक म्हणतात. चेहरा बिघडतो तो आपण जवळ गेल्यामुळे. दोन फुटांवरून कोणत्याही लेन्सने नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात; रुंद लेन्स तुला दोन फुटांवर जायला लावते, एवढाच तिचा दोष. पोळ्याला हे बैलावर फार दिसतं. १६ ची लेन्स घेऊन तोंडापाशी गेलास तर थूथन भलंमोठं आणि वशिंड पार लहान. ज्या धन्याने सकाळपासून शिंगं रंगवली, झूल चढवली, बाशिंग बांधलं, त्याला असा फोटो दाखवून पाहा, त्याचं तोंड उतरेल. ३५ लावून पंधरा-सोळा फूट मागं उभा राहा. बैल पूर्ण येतो, वशिंड जागच्या जागी, आणि कासरा धरलेला धनीही शेजारी.

दिवसा वावरात वेगळाच प्रश्न. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या भर उन्हात आयएसओ १०० ला एफ १६ वर १/१०० शटर येतं. तिथून १.४ पर्यंत उघडलंस तर १/१२८०० लागतं, आणि तुझं यांत्रिक शटर बहुधा १/४००० ला थांबतं. म्हणजे जास्तीचे पैसे देऊन घेतलेला तो १.४ दुपारी वापरताच येत नाही, उजेड अडवणारा एनडी फिल्टर लावल्याशिवाय. २.८ ला १/३२०० वर भागतं, ४ ला १/१६०० वर. वेचणीचे फोटो तसेही ४ किंवा ५.६ वर चांगले येतात, कारण पऱ्हाटीच्या ओळी मागेपर्यंत दिसायला हव्यात. तिथे एक्स्पोजर कापसावर धर, चेहऱ्यावर नाही. फुटलेलं बोंड एकदा पांढरंफट झालं की त्यातले तंतू कॉम्प्युटरवर परत येत नाहीत. पदराच्या सावलीतला चेहरा मात्र नंतर उजळता येतो. रॉमध्ये काढ म्हणजे झालं.

दुकानात गेल्यावर नाव घेऊन मागता यावं म्हणून थोडक्यात सांगतो. सोनीला सिग्मा ३० एफ १.४ किंवा सोनीची स्वतःची ३५ एफ १.८, पहिलीत उजेड जास्त, दुसरीत स्टॅबिलायझेशन आणि वजन १५४ ग्रॅम. फुजीला एक्ससी ३५ एफ २. महागड्या एक्सएफ ३५ एफ २ चीच काच तिच्यात आहे, फक्त अ‍ॅपर्चरची रिंग आणि धूळ-पाण्यापासूनचं संरक्षण नाही. निकॉनला झेड डीएक्स २४ एफ १.७, १३५ ग्रॅमची, आणि सात इंचांवरूनही फोकस करते, म्हणजे मेंदीचा हात, मंगळसूत्र सगळं तिच्यानेच होतं. कॅननला आरएफ ३५ एफ १.८, तीत स्टॅबिलायझेशनही आहे. बजेट कमी असेल तर आरएफ २८ एफ २.८, उजेड थोडा कमी, पण खिशात मावते. सिग्माच्या १.४ वाल्या लेन्स आता निकॉन झेड आणि कॅनन आरएफलाही मिळतात. माझा कल १.४ पेक्षा चांगल्या १.८ कडे आहे. वाचलेल्या पैशात एक जास्तीची बॅटरी आणि लेन्स हूड घे, दोन्ही रोज लागतात.

टिपेश्वरचा वाघ मात्र या लेन्सच्या यादीत धरू नको. पांढरकवड्याकडच्या त्या जंगलात जिप्सीतून उतरता येत नाही, म्हणजे पायांनी अंतर कमी करता येत नाही, आणि पायांनी अंतर ठरवता येत नसेल तिथे छोटी प्राइम उपयोगाची नाही. वर्षातून एकदा जायचं असेल तर लांब झूम नागपूरहून भाड्याने आण. सोबत ३५ असू दे. सकाळी गेटवर शेकोटीपाशी बसलेले गाइड आणि ड्रायव्हर लोक तिनेच काढ.

पैसे अगदीच कमी असतील तर जुन्या स्टुडिओंत विचार. रोलच्या निकॉन, पेंटॅक्स, याशिकाच्या लेन्स कपाटात पडून आहेत. रोलच्या निकॉनमध्ये लेन्स आणि फिल्म यांच्यात ४६.५ मिलिमीटर अंतर होतं, सोनीच्या ई माउंटमध्ये ते १८ आहे. मधली जागा भरायला काच नसलेलं एक पोकळ अडॅप्टर पुरतं. मेन्यूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू कर, फोकस पीकिंग लाव, आणि रिंग हाताने फिरव. बहुतेक जुन्या लेन्स पन्नासच्याच असतात, म्हणून वर सांगितलेलं खोलीचं गणित इथेही लागू आहे. बसलेल्या माणसाच्या शांत चेहऱ्याला त्या उत्तम. पळणाऱ्या पोराला नाही.

जुनी लेन्स, कोणाचीही असो, घेण्याआधी अंधारात ने आणि मागून मोबाइलचा टॉर्च लाव. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत दे. दोन-चार धुळीचे कण दिसले तर हरकत नाही. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल चमकतंय का पाहा. मग भिंतीवर वर्तमानपत्र चिकटव, कॅमेरा स्टँडवर त्याच्या बरोबर समोर धर, लेन्स पूर्ण उघडून फोटो काढ आणि चारही कोपरे मोठे करून वाच. चारही सारखेच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा पुसट असेल तर लेन्स कधीतरी पडली असावी.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो. बंद गाडीत किंवा मोटरसायकलच्या डिक्कीत लेन्स ठेवू नको; पात्यांवर ते तेल येतं ते अशाच उष्णतेनं. जिनिंगमध्ये गेलास तर लेन्स आत बदलू नको. तिथे रुईचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात, आणि मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर समोर उघडा पडतो. बाहेर ये, कॅमेरा बंद कर, तोंड जमिनीकडे धर, मग बदल. सेन्सरवर तोंडाने फुंकर मारायची नाही, रबरी ब्लोअर वापरायचा. पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये ठेवू नको, चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेल पुरे; जेलचा रंग बदलला की ते तापवून परत वापरता येतं. डांबराच्या गोळ्या त्या डब्यात टाकू नको, त्यांची वाफ काचेवर बसते.

दुसरी लेन्स लगेच घेऊ नको. नवरात्र, दिवाळी आणि तुळशीच्या लग्नानंतरची पहिली तिथी एका लेन्सवर निघू दे. काम करताना सारखं मागं सरकावंसं वाटलं, भिंत आडवी आली, तर १६ ची लागेल. लोकांना न कळता थोडं दुरून चेहरे घ्यावेसे वाटले तर ५६ ची. फोटोंची माहिती घेऊन डिसेंबरात घरी ये, आपण दोघं बसून आकडे पाहू.